हलकं व्हायचा हंगाम

आमच्या घरात रमजान यायचा तो आधी कानांतून. पहाटे गल्लीतून डफ वाजवत जाणारा म्हातारा, 'उठो रोजेदारो' म्हणताना मध्येच त्याला लागणारी खोकल्याची उबळ, मग स्वयंपाकघरातला स्टोव्ह, आधी फुसफुसणारा आणि नंतर एक सूर धरणारा, आणि त्या सुरावर अम्मीचं परातीत पीठ मळणं. मी गोधडीत पडल्या पडल्या हे सगळं ऐकायचे आणि उठायचा कंटाळा करायचे. शहागंजच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढे बैठकीची खोली, मागे दोन खोल्या, मध्ये फरशीचं लहानसं अंगण आणि अंगणात एक नळ, तो पाणी येण्याआधी पाच मिनिटं खाकरायचा. आता मी गंगापूरला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, सेहरीला मोबाइल उठवतो, आणि तो गजर इतका शिस्तीचा आहे की मला त्याचा राग येतो.

सेहरीची सत्ता फुप्पीकडे असायची. फुप्पी म्हणजे अब्बांची मोठी बहीण, लवकर विधवा झाली आणि आमच्याकडे आली ती आमचीच झाली. खिचडी, खट्टा, खिमा, वर दह्याची वाटी, हे सगळं ती वाढायची आणि कोण किती खातो याच्याकडे तिचं अजिबात लक्ष नसायचं, कारण तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे. अब्बा चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर होते. सकाळची पाळी असली की ते सेहरीनंतर न झोपता सायकल काढायचे. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण अम्मी पाचोडची. तिथल्या आठवडी बाजारात माझे नाना बांगड्यांचं दुकान मांडायचे आणि लहानपणी अम्मी त्यांच्याशेजारी बसून बायकांच्या हातात बांगड्या चढवायची, तेव्हा तिची खरी भाषा तिथली मराठी. प्रेमानं, लाडानं ती दखनी बोलायची. घाबरली किंवा भडकली की थेट पाचोडला जायची. तिच्या तोंडून 'इकडं ये गं' आलं की मी समजायचे, आज माझी काही धडगत नाही.

रमजानात स्वयंपाकघराचा एक दुपारचा कारभार असे, त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे. ज्या बाईचे ते चार-सहा दिवस चालू असतील तिला रोजा नाही, नमाज नाही. ते रोजे मागाहून, सवडीनं फेडायचे. पण पुरुषांसमोर, मुलांसमोर खायचं नाही. तसं दिसूच द्यायचं नाही. मग जोहरची नमाज झाली, घर जरा पेंगलं की स्वयंपाकघराचा पडदा ओढला जायचा आणि आत अम्मी, कधी शेजारची सून, कधी सुट्टीला आलेली माझी मोठी बहीण सेहरीची उरलेली खिचडी खात बसायच्या. भांड्यांचा आवाज नाही, बोलणं दबक्या आवाजात, पण हसणं मात्र वर्षभरात कधी ऐकू येणार नाही असं. मी पहिल्यांदा तिथे बसले तेव्हा मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. ती खिचडी थंड असायची आणि तरी इतकी चवीची खिचडी मी पुढे कुठे खाल्ली नाही.

तर अशा घरातली मी मुलगी, आणि मला पळायचा नाद. शाळेच्या शर्यतीत एकदा पहिली आले आणि सरांच्या नजरेला पडले. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. कुठल्याशा शाळेत ते कवायत शिकवायचे आणि पहाटे आम्हा सात-आठ मुलींना लेण्यांच्या डोंगराकडच्या कच्च्या रस्त्यावर पळवायचे. त्या काळी मुलींना पळवायला शहरात दुसरं कुणी तयार नव्हतं. घरोघर जाऊन त्यांनी आयाबापांच्या हातापाया पडून मुली जमवल्या होत्या, माझ्या अब्बांच्याही. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. सरांची एकच पक्की श्रद्धा होती. ती त्यांना त्यांच्या गुरूंनी दिली होती आणि गुरूंना कुणी दिली देव जाणे: अंग जितकं हलकं तितका पाय उचलतो. दर शनिवारी मोंढा उघडायच्या आत ते आम्हाला ओळखीच्या अडत्याच्या दुकानात नेऊन धान्याच्या काट्यावर उभं करायचे. जिथे दिवसभर तुरीची पोती चढायची तिथे आम्ही एकेक करून चढायचो. जिचं वजन वाढलं तिच्याकडे ते नुसतं बघायचे. जिचं घटलं तिला म्हणायचे, "शाब्बास, आता तू पळशील." मला ते शाब्बास फार लागायचं. मी हट्टी होते, अजून आहे. एकदा ठरवलं की मी सगळ्यांत हलकी व्हायचं, तर झालेच.

कशी झाले, त्यात काही जादू नव्हती. पहाटे रिकाम्या पोटी पळायचं, तिथून कॉलेज, दुपारी डब्यातली अर्धी भाकरी, संध्याकाळी पुन्हा मैदान, रात्री झोप अनावर. गंगापूरची सुनीता माझ्याबरोबर पळायची. तिच्या घरी उसाची शेती, ती इथे मावशीकडे राहून शिकत होती. तिचे सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी असे उपवास. माझे रमजानचे रोजे, आणि वर मागचे फेडायचे म्हणून इतर महिन्यांतले. उपवास करणाऱ्या मुलीला आमच्याकडे कुणी 'का' म्हणून विचारत नाही. तिची आई शेजारणीला कौतुकानं सांगते. सुनीताच्या मावशीला वाटायचं पोरगी देवाची, माझ्या फुप्पीला वाटायचं पोरगी दीनदार, आणि आम्ही दोघी शनिवारी काट्यावर चढून खूश. आज माझ्या शाळेतल्या मुली मनगटावर घड्याळ बांधून येतात, ते त्यांची पावलंसुद्धा मोजतं, आणि तरी नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर पळणारी एखादी असतेच. घड्याळ तिला काही सांगत नाही.

मग एक दिवस माझी पाळी आली नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मला काय वाटलं म्हणाल तर सुटले असं वाटलं. धुणं नाही, वाळत घालायची लपवाछपवी नाही, मैदानाला दांडी नाही. मुलींच्या चार दिवसांच्या दांड्यांवरून सर नेहमी कुरकुरायचे. आता ते सगळ्यांसमोर म्हणायचे की रेहानाकडून शिका, हिची एक दांडी नाही. आमच्या आधी सरांकडे पळणाऱ्या मोठ्या मुली सांगायच्या, अंग खरं तयार झालं की ती आपोआप थांबते, ती थांबली म्हणजे तू पळणारी झालीस. मी हे खरं धरून चालले. का धरू नये? वेळ सुधारत होती, सर खूश होते, आणि त्या रमजानात मी पहिल्यांदा एकही न चुकवता सगळे रोजे ठेवले. ईदच्या दिवशी फुप्पीनं माझी अलाबला घेतली, बोटं कानशिलावर कडाकडा मोडली आणि आल्यागेल्या प्रत्येक बाईला सांगितलं, "पूरे तीस रखी मेरी बच्ची." बायका माझ्याकडे बघून माशाल्लाह म्हणायच्या. एकीनंही विचारलं नाही की तरण्या मुलीचे पुरे तीस होतात कसे.

पुढच्या वर्षी रमजान भर थंडीत आला आणि ईदनंतर लगेच राज्य संघासाठी निवड चाचणी होती. जालन्याचं एक स्थळ माझ्यासाठी सारखं निरोप पाठवत होतं. मुलगा शिकलेला, घरचं वाहनांच्या सुट्या भागांचं दुकान. अब्बा मला कधी रागावले नाहीत, पण त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं: या चाचणीत निवड झाली तर पुढे पळ, मी कुणाचं ऐकणार नाही. नाही झाली तर जालन्याला होकार. माझं सगळं पळणं त्या एका सकाळवर येऊन थांबलं होतं. मी आणखी जोर केला. सेहरीला एक खजूर, दोन घोट पाणी आणि उजाडायच्या आत रस्त्यावर.

त्याच महिन्यात डाव्या नडगीत ठणका सुरू झाला. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग नमाजला उठताबसताना. सर म्हणाले, नळी भरली आहे, चोळ. फुप्पीनं तिळाचं तेल कोमट करून चोळलं आणि चोळताना मी ओठ चावून गप्प बसले. हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं तरी डोळ्यांत पाणी यायचं, बोटभरही जागा नव्हती ती. मी पायाला पट्टी बांधून पळत राहिले. लंगडत नव्हते, लंगडणं दिसू न देण्यात मी पटाईत झाले होते.

रमजान संपत आला होता. दुपारी पडदा ओढून अम्मी आत बसली होती, त्या दिवशी एकटीच. मी पाणी भरून कळशी आत ठेवायला गेले तर तिनं माझ्याकडे वर बघितलं आणि बघतच राहिली. हातातला घास तिनं ताटात परत ठेवला. मागच्या रमजानात मी तिच्या पंगतीला एकदाही बसले नव्हते आणि यंदाही नाही, हे तिच्या त्या क्षणी लक्षात आलं असणार. इतर महिन्यांत ज्याचं त्याचं ज्यानं त्यानं आवरलेलं असतं, आई विचारत नाही, मुलगी सांगत नाही. ती उठली, तिनं दार लोटून कडी लावली आणि तिच्या तोंडून पाचोड बाहेर पडलं.

"इकडं ये गं. खरं सांग. किती दिस झालं तुला आली नाय?"

मी सांगितलं, वर्ष होऊन गेलं. सांगताना माझ्या आवाजात थोडी शेखीसुद्धा असेल. अम्मीचा चेहरा राखेसारखा झाला. तिनं माझे दोन्ही दंड धरले आणि विचारलं, पहाटे मैदानावर कोण कोण असतं, सर कुठवर सोडायला येतात, आणखी कुणी असतं का. भीतीनं ती वर्षाचा हिशेबही विसरली होती. ती कशाबद्दल विचारते आहे हे कळायला मला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मला इतका राग आला की मी भांडं लाथाडलं. त्याच दुखऱ्या पायानं लाथाडलं आणि खाली बसले. अम्मीनं माझ्या सलवारीचा पायचा वर केला, नडगी बघितली, मग हात, मग गळ्याची हाडं, जणू मी तिच्या घरात राहतच नव्हते आणि आजच आले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं मला रिक्षात घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिडकोला नेलं, कारण तिकडे आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. डॉक्टरीण वयस्क होत्या, कुंकू मोठं, आवाज त्याहून मोठा. अम्मीनं जे विचारायचं होतं ते इतकं अडखळत विचारलं की त्यांनाच तिच्यासाठी वाक्य पुरं करावं लागलं. तपासणी झाली, तसलं काही नव्हतं, अम्मीचा जीव भांड्यात पडला आणि ती लगेच निघायला उठली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसा, आता माझे प्रश्न. त्यांनी माझं वजन केलं, काय खाते विचारलं, किती पळते विचारलं, आणि मी सांगत असताना त्यांची लेखणी थांबली. मग त्यांनी नडगीवर नेमका त्या जागी अंगठा दाबला. मी ओरडले. बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या. फोटो काढला त्यात काही ठळक दिसलं नाही. त्या म्हणाल्या, असा बारीक तडा सुरुवातीला फोटोत दिसतोच असं नाही, पण माझ्या अंगठ्याला कळलंय.

मग त्या माझ्याकडे नाही, अम्मीकडे वळून बोलल्या. घरात धान्य कमी पडलं की आपण काय करतो? आधी पाहुणे बंद करतो. हिच्या शरीरानं तेच केलं. खाणं कमी, पळणं जास्त, तेव्हा त्यानं पाळी बंद केली, कारण तिच्यावाचून माणूस मरत नाही. पण पाळी येते म्हणजे अंगात जे तयार होत असतं त्यावर हाड पोसलं जातं. ते थांबलं की हाड भुकेलं राहतं. या वयात हाड भरून घ्यायचं असतं, आणि ही ते भरायच्या दिवसांत पोखरते आहे. असंच पळत राहिली तर तडा आरपार जाईल. दोन महिने पळणं बंद, रोजा आजपासून बंद, आणि दिवसातून चार वेळा पोटभर जेवण. जाता जाता त्यांनी मला विचारलं, "तुझ्याबरोबर पळणाऱ्या मुलींचं काय?" मी म्हटलं, मला माहीत नाही. रिक्षात मी रडत होते ते पायासाठी किंवा हाडासाठी नाही. चाचणी आली होती आणि मला कुणी पळू देणार नव्हतं.

घरी येऊन मी रोजा सोडायला नकार दिला. आजाऱ्याला माफी आहे हे फुप्पीलाही ठाऊक होतं, पण तिच्या लेखी मी कुठे आजारी होते, चालतीबोलती तर होते. अम्मीनं अब्बांना एवढंच सांगितलं की हाडाला चीर गेली आहे. खरं कारण पुरुषाला कसं सांगायचं, म्हणून ती तिथे थांबली. अब्बा म्हणाले, मग झालं, खुदानंच निकाल लावला, ईद झाली की जालन्याला कळवतो. ते दुष्टपणानं म्हणाले नव्हते. त्यांना एका अर्थी सुटल्यासारखंच वाटलं असेल. मी त्याच घटकेला मनाशी ठरवलं की पट्टी आवळून बांधायची आणि चाचणीला पळायचं. पाय मोडला तरी पळून मोडेल.

दोन दिवसांनी सर स्वतः घरी आले. दुपारची वेळ, अब्बा सकाळची पाळी करून आलेले. सर बैठकीत सतरंजीवर बसले. अब्बांनी पाण्याचा तांब्या आणि पेला पुढे ठेवला तर हात जोडून नको म्हणाले, रोजेदारांच्या घरात ते कधी पाणीही घ्यायचे नाहीत. मला उंबऱ्याशी बसवलं होतं. सरांचं म्हणणं असं की असली दुखणी पळणाऱ्याला असतातच, चाचणीपुरतं पट्टी बांधून पळू द्या, निवड झाली की मग हवा तेवढा आराम. अब्बांचं म्हणणं, डॉक्टरीण नको म्हणते तर राहू द्या, तसंही आता घर बघायचं वय झालं. दोघं अतिशय अदबीनं माझी वाटणी करत होते. मी मान वर केली आणि म्हणणार होते की मी पळते, तेवढ्यात मागचा पडदा सरकला.

अम्मी परक्या माणसासमोर कधी येत नसे. ती आली, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, आणि तिच्या हातात ताट होतं. ज्वारीची भाकरी, दालचा, दोन उकडलेली अंडी, दुधाचा पेला. रमजानाच्या भर दुपारी, बैठकीत, नवऱ्यासमोर आणि परपुरुषासमोर तिनं ते ताट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "खा."

अब्बा तिच्याकडे असे बघत होते की त्यांना ती ओळखूच येत नव्हती. मग ती बोलली, दखनीत नाही, मराठीत, दोघांनाही कळावं म्हणून असेल, किंवा तिला दुसरं काही सुचलंच नसेल.

"वरीस झालं, ह्या पोरीला पाळी नाय. पोटात अन्न नाय म्हनून नाय. म्हनून हाड चिरलंय. सर, तुमी म्हनता पळव. हे म्हनतात लगीन. आधी दोघं बी हिला जेवताना बघा."

तो शब्द आमच्या घरात पुरुषाच्या कानावर कधी पडला नव्हता. सरांनी मान खाली घातली आणि सतरंजीचा एक धागा ओढत राहिले. मी भाकरीचा तुकडा मोडला. तो पहिला घास मी कसा गिळला ते मला अजून आठवतं. घसा इतका कोरडा की तो मध्येच अडकला आणि मला ठसका लागला. तेव्हा अब्बांनी, रोजा असलेल्या माझ्या अब्बांनी, तो पाण्याचा तांब्या उचलला, पेल्यात पाणी ओतलं आणि पेला माझ्याकडे सरकवला. मी प्यायले. सगळं ताट संपेपर्यंत मी थांबले नाही. मग अब्बा म्हणाले, "सर, माझी मुलगी यंदा पळणार नाही. पुढच्या वर्षी पळेल. जालन्याला मी नाही म्हणून कळवतो." सरांनी चपला घातल्या आणि गेले. त्यांना अपमान वाटला होता, ते पाठीवरून दिसत होतं.

खाणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी उपाशी राहायची सवय लावून घेतलेली नसते. माझं पोट आक्रसून गेलं होतं. चार घासांत गच्च व्हायचं, आणि डोक्यात तो काटा उभा, सुई सरकताना दिसायची. पहिले दिवस मी जेवून उठले की रडायचे. पण मी पळताना चढ जसा चढायचे तशीच जेवायला बसले: पुढचं वळण दिसेपर्यंत थांबायचं नाही. अम्मी समोर बसायची. फुप्पी दोन-तीन दिवस रुसली होती, तिचे पुरे तीस मोडले होते. मग एकदा माझ्या वरणात मला तुपाचा थर दिसला आणि तो रोज दिसू लागला. ईदला शीरखुर्मा मी तीन वाट्या खाल्ला आणि तिसऱ्या वाटीला अब्बा हसले.

पाळी परत यायला उन्हाळा उजाडला. पुढच्या वर्षी मी चाचणीत पळले, संघात आले, दोन हंगाम राज्यासाठी पळले आणि मग खेळाची शिक्षिका झाले. मागच्या वर्षी हाडांची तपासणी केली तर कमरेचं हाड माझ्या वयाच्या मानानं कमकुवत निघालं. त्या कोवळ्या दिवसांत जे भरायचं राहिलं ते पुरतं भरलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी वजनं उचलते, नाचणी खाते, उन्हात चालते, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी शाळेच्या मैदानावर माझ्या मुलींना भर आवाजात पाळीबद्दल विचारते. काही पालकांनी तक्रार केली. करू देत.

पण त्या ईदनंतरची एक सकाळ सांगायची राहिली. चाचणी माझ्याविना झाली होती आणि सुनीताची निवड झाली होती. आमच्यातली पहिली मुलगी जी राज्यासाठी पळणार होती. सर हवेत होते. स्पर्धा चार दिवसांवर आली होती. मला अजून पळायची मनाई होती, पण त्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी रिक्षा करून मैदानावर गेले. मुली अंग मोकळं करत होत्या. सरांनी मला बघितलं आणि विचारलं, इथं काय काम. मी म्हटलं, मुलींशी बोलायचंय, तुमच्यासमोर. मग मी सांगितलं. काय झालं, कशानं झालं, पाळी थांबणं ही शाबासकीची गोष्ट नाही, ते हाड रिकामं होत असतं. अम्मीनं बैठकीत वापरला तोच शब्द मी वापरला आणि तो परत परत वापरला, कारण एकदा तोंडातून गेला की तो जड राहत नाही. मुली जमिनीकडे बघत होत्या. सर लाल झाले. म्हणाले, "झालं? तुझं तू बघितलंस. आता यांना घाबरवू नको. जा घरी."

मी जागची हलले नाही. तेवढ्यात सुनीता म्हणाली, "सर, माझी बी नाय."

तिचा आवाज इतका बारीक होता की सरांनी काय म्हणून विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, आणि म्हणाली, "लई दिस झालं. आन पाय बी दुखतो. हितं." तिनं वाकून नडगीवर बोट ठेवलं. मग मागून आणखी एक मुलगी म्हणाली, माझी पण. तिसरीनं नुसता हात वर केला, वर्गात करतात तसा.

सर मैदानाच्या कडेला दगडावर बसले. त्यांना मी तोवर कधी बसलेलं बघितलं नव्हतं. ते उभे असायचे नाहीतर पळत असायचे. त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, जसं अम्मीनं मला पाहिलं होतं. किती वर्षं त्यांनी घरोघर फिरून या मुली जमवल्या होत्या, आणि पहिली कुठे एवढ्यात निवडली गेली होती. सुनीता रडायला लागली, स्पर्धा चार दिवसांवर आली आहे सर, एवढी एक पळते म्हणाली.

"बूट काढ," सर म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. सर उठले, तिच्यापुढे उकिडवे बसले आणि तिच्या बुटाची नाडी स्वतः सोडायला लागले. गाठ ओली होती, त्यांना ती लवकर सुटेना. सुटली तेव्हा मान वर न करताच ते बाकीच्यांना म्हणाले, "आज कुनी पळायचं नाय. घरी जा, पोटभर जेवा. आन उद्या येताना आयांना घेऊन या."